नाद जुन्या यंत्रांचा

शकुंतला थांबून बरीच वर्षे झाली, तरी यवतमाळात तिचा विषय काढला की पन्नाशीपुढच्या माणसाची कळी खुलते. कापूस वाहून नेण्यासाठी इंग्रजांच्या काळात किलिक निक्सन कंपनीने टाकलेला हा यवतमाळ–मूर्तिजापूर नॅरोगेज मार्ग ११३ किलोमीटरचा. मँचेस्टरला १९२१ साली तयार झालेले वाफेचे इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत, म्हणजे सत्तर वर्षे ही गाडी ओढत होते. मग डिझेल इंजिन आले आणि पुढे गाडीच बंद झाली. पण दारव्हा मोतीबाग स्टेशनात गाडी किती वेळ थांबायची यावर आजही तावातावाने वाद घालणारी मंडळी आपल्याकडे आहेत. मुंबईतही तेच. ९ एप्रिल २०१६ च्या रात्री हार्बर मार्गावर डीसी विजेवरची शेवटची लोकल धावली. ३ फेब्रुवारी १९२५ ला सुरू झालेले १५०० व्होल्टचे ते पर्व संपले, तेव्हा तिला निरोप द्यायला रेल्वेवेडे मध्यरात्री जमले होते.

आरोग्याच्या सदरात हे कशाला, असे वाटेल. पण असा नाद असलेली माणसे अधूनमधून आमच्या ओपीडीत आणली जातात. ती स्वतःहून येत नाहीत, घरचे आणतात. नवरा निवृत्त झाला आणि त्याने खोलीभर जुने मर्फी-फिलिप्सचे रेडिओ, बंद टेपरेकॉर्डर, टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम गोळा केले. ‘घर भंगारानं भरलं, डॉक्टरसाहेब. यायले काही समजावून सांगा ना जी,’ ही तक्रार मी निरनिराळ्या तोंडून ऐकली आहे. ज्यांच्याबद्दल ती असते ते गृहस्थ बाजूला ओशाळून बसलेले असतात. त्यांना ‘व्हॉल्व्हचा सेट आहे का तुमच्याकडे?’ एवढे विचारले की रक्तदाब मोजायचे राहून जाते, असे ते बोलू लागतात.

गंमत म्हणजे गतकाळाच्या ओढीला वैद्यकाने एकेकाळी खरोखरच आजार ठरवले होते. ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्दच १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेलला आपल्या प्रबंधात घडवला. घरापासून दूर गेलेल्या स्विस माणसांच्या झुरणीला त्याने दिलेले ते रोगाचे नाव होते. ते मत आता पार उलटले आहे. इंग्लंडमधल्या साउथहॅम्पटन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी गेल्या वीसेक वर्षांत केलेल्या कामातून दिसते, की जुने आठवण्याने एकटेपणा वाढत नाही. उलट आपली माणसे, आपली ओळख यांच्याशी धागा जुळलेला राहतो. छंदांबद्दलचा पुरावाही चांगला आहे. २०२३ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ने छापलेल्या अभ्यासात १६ देशांतल्या ६५ वर्षांवरील ९३,२६३ जणांची माहिती तपासली होती. छंद असणाऱ्यांमध्ये नैराश्याची लक्षणे कमी आणि समाधान जास्त आढळले. अर्थात असा अभ्यास संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही. तब्येत बरी असेल त्यालाच छंद परवडतो, हेही खरे.

माझे स्वतःचे मत विचाराल तर नोकरी सुटल्यावर पगारापेक्षाही जास्त खुपते ते आपल्याला कोणी काही विचारत नाही, हे. बंद रेडिओ उघडून बसलेल्या माणसाला निदान रेडिओ तरी प्रश्न विचारतो. बारीक तारा हाताळायच्या, सर्किट डोक्यात मांडायचे, एका सुट्या भागासाठी नागपूरपर्यंत चार माणसांना फोन करायचे. हात, मेंदू आणि माणसे, तिन्ही कामाला लागतात. रक्तदाबाच्या गोळीबरोबर एवढे चिठ्ठीवर लिहून देता आले असते तर बरे झाले असते.

व्हिडिओ गेमचेही सरसकट वाईट नाही. ऑक्सफर्डच्या रुग्णालयात वाहन अपघातानंतर आलेल्या ७१ रुग्णांवर एक प्रयोग झाला. त्यातल्या काहींना अपघातानंतर सहा तासांच्या आत, घडलेला प्रसंग थोडक्यात आठवायला लावून, टेट्रिस हा ठोकळ्यांचा जुना खेळ खेळायला दिला. पुढच्या आठवड्यात अपघाताची दृश्ये नको असताना डोळ्यांपुढे येण्याचे प्रमाण त्यांच्यात इतरांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी होते. प्रयोग लहान आहे, त्यावर उड्या मारू नयेत.

मग आजार कधी म्हणायचे? जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत, आयसीडी-११ मध्ये, ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे, पण तिथे तास मोजलेले नाहीत. खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येणे आणि नुकसान दिसत असूनही न थांबणे, असे साधारण वर्षभर चालले आणि त्याने रोजच्या जगण्याची घडी विस्कटली, तर तो आजार. साठवण्याचेही तसेच आहे. संग्राहकाला आपल्या कोणत्या खोक्यात काय आहे हे ठाऊक असते आणि तो ते हौसेने दाखवतो. ज्याला वस्तू टाकायच्या म्हटले की जीव कासावीस होतो, ज्याच्या घरात झोपायला आणि स्वयंपाकाला जागा उरत नाही, त्याला मदतीची गरज आहे. आणि आयुष्यभर कसलाच नाद नसलेला माणूस पन्नाशी-साठीत अचानक काहीबाही गोळा करू लागला, सोबत स्वभाव बदलला, लाज-भीड सुटली, तर न्यूरॉलॉजिस्टकडे न्या. स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकाराची ती सुरुवात असू शकते.

या छंदात मला खरी काळजी वाटते ती निराळ्याच गोष्टींची. पहिली, वीज. व्हॉल्व्हच्या रेडिओत दोनशे-अडीचशे व्होल्ट डीसी खेळत असते आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये ती साठून राहते. काही जुन्या सेटची चॅसी तर थेट घरच्या लाईनला जोडलेली असते. रंगीत टीव्हीच्या पिक्चर ट्यूबवर वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात. जाणते मेकॅनिक एक हात खिशात ठेवून काम करतात. त्यामागे शरीरशास्त्र आहे: वीज एका हातातून दुसऱ्या हाताकडे गेली तर वाटेत हृदय लागते. झटका बसून चक्कर आली, छातीत धडधडले, तर ‘आता बरं वाटतंय’ म्हणून घरी बसू नका, ईसीजी काढा.

दुसरी, शिसे. सोल्डरिंगच्या, म्हणजे डाख देण्याच्या जुन्या तारेत ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसे असते. नाकात जाणारा धूर मुख्यतः राळेचा. त्याने दमा उठू शकतो, म्हणून खिडकी उघडी हवी. शिशाची मात्र त्या तापमानाला फारशी वाफ होत नाही. ते बोटांवरून तोंडात जाते. आणि आपल्या भागात डाख देता देता त्याच बोटांनी खर्रा तोंडात टाकणारे कमी नाहीत! खर्ऱ्याबद्दल मी एरवीही पुष्कळ बोलतो, इथे फक्त साबणाने हात धुवा एवढेच म्हणतो.

तिसरी गोष्ट सर्वांत वाईट, कारण तिचा बळी छांदिष्ट नसतोच. जुन्या गेमच्या काही कार्ट्रिजमध्ये, घड्याळांत, छोट्या रिमोटमध्ये नाण्याएवढा चपटा लिथियम सेल असतो. संपला म्हणून काढून टेबलावर ठेवलेला हा सेल सुटीत आलेले नातवंड गिळते. संपलेल्या सेलमध्येही इजा करण्याइतकी वीज उरलेली असते. तो अन्ननलिकेत अडकला की ओलसर अस्तरातून प्रवाह वाहतो, तिथे कॉस्टिक सोड्यासारखे दाहक अल्कली तयार होते आणि दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते. मूल रडेलच असे नाही. लाळ गळणे, खायला नकार, खोकला एवढेच दिसू शकते. उलटी करवू नका, केळे-भात भरवत वाट पाहू नका. सेल गिळून बारा तास झाले नसतील, मूल एक वर्षापेक्षा मोठे असेल आणि नीट गिळू शकत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध देता येतो, जास्तीत जास्त सहा वेळा, पण त्यासाठी निघायला उशीर नको. एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयातच जा आणि पोचताच ‘सेल गिळला असेल’ हे शब्द स्पष्ट सांगा. फिल्मवर तो हुबेहूब नाण्यासारखा दिसतो. कडेला दुहेरी वर्तुळ आहे का, हे मग डॉक्टर मुद्दाम शोधतील.