अर्ध्या स्वयंपाकाची गल्ली

क्योटोतल्या शिजो या गजबजलेल्या हमरस्त्याच्या उत्तरेला, त्याला समांतर, निशिकी बाजाराची गल्ली आहे. तेरामाचीपासून ताकाकुरापर्यंत लांबी जेमतेम ३९० मीटर. रुंदी कुठे तीन मीटर, कुठे पाच. डोक्यावर लाल-पिवळ्या-हिरव्या चौकोनांचे छत, खाली दोन्ही अंगांना मिळून सव्वाशेच्या वर दुकाने. क्योटोकर या गल्लीला शहराचे स्वयंपाकघर म्हणतात. गंमत अशी, की इथले जुने दुकान कधी पूर्ण जेवण विकत नाही. कुणी नुसती अंड्याची वळकटी विकतो, कुणी नुसते लोणचे, कुणी सुकवलेले समुद्रशेवाळ, तर कुणी फक्त सुऱ्या. जेवणाचा एकेक भाग इथून न्यायचा आणि जोडायचा घरी, असा हा शेकडो वर्षांचा करार आहे.

बाजार इथेच वसला तो पाण्यामुळे. क्योटो डोंगरांच्या कुशीतले शहर, समुद्र लांब. बर्फाच्या कारखान्यांआधीच्या काळात मासळी टिकवायची तर थंड पाणी हवे, आणि ते या गल्लीखालच्या विहिरींना होते. १६१५ साली तोकुगावा शोगुनशाहीने इथल्या व्यापाऱ्यांना मासळीच्या घाऊक विक्रीचा परवाना दिला. पूर्वेच्या टोकाला निशिकी तेन्मांगू हे देवस्थान आहे. तिथले भूजल वर्षभर सतरा-अठरा अंशांवर असते आणि लोक आजही येता-जाता त्याच्या बाटल्या भरून नेतात.

बाजारात थंड पाण्याची सोय असली, तरी लांबच्या समुद्रापासून इथवर जिवंत पोहोचायचे ते चिवट मासेच. त्यांत पहिला मान हामोचा. आपल्या किनाऱ्यावरची वाम याच कुळातली. जुलैतल्या गिओन उत्सवात हामो इतका खाल्ला जातो, की त्या उत्सवाला हामोचा उत्सव असेही म्हणतात. पण या माशाच्या मांसात बारीक काट्यांचे रान असते आणि ते काही उपटून निघत नाही. म्हणून मासेवाला तो पोटाकडून उघडतो, कातडी खाली करून फळीवर पसरतो आणि जड, लांब सुरीने चिरा देत जातो. तीन सेंटिमीटरमध्ये चोवीस-पंचवीस चिरा, काटे तुटायला हवेत आणि खालची कातडी मात्र अखंड राहायला हवी. सुरी पुढे सरकताना काटे कापले जाण्याचा करकर आवाज एका लयीत येत राहतो. असा चिरलेला तुकडा उकळत्या पाण्यात पडला, की शेवंतीसारखा उमलतो. उकळते पाणी मात्र गिऱ्हाइकाच्या घरचे.

ती सुरी याच गल्लीत मिळते. आरित्सुगु या दुकानाची सुरुवात १५६० सालची, तलवारी घडवणाऱ्या लोहाराची. पुढे तलवारींची मागणी सरली आणि घराणे सुऱ्यांकडे वळले. मासा कापायची वेगळी, त्याचे पातळ काप काढायची वेगळी, भाजी चिरायची वेगळी. यांतल्या बऱ्याच सुऱ्यांना एकाच बाजूने धार असते. सुरी पसंत पडली, की कारागीर छोटी छिन्नी आणि हातोडी घेऊन पात्यावर गिऱ्हाइकाचे नाव तिथल्या तिथे कोरून देतो. पुढे धार गेली तर लावूनही देतो. म्हणजे विक्री झाली तरी दुकानदार आणि गिऱ्हाईक यांचा हिशेब संपत नाही.

गल्लीतल्या बहुतेक चवींचा पाया दाशी, म्हणजे कोंबू हे समुद्रशेवाळ आणि सुकवलेल्या मासळीचा किस यांचा अर्क. कोंबू येतो उत्तरेच्या होक्काइदो बेटावरून. पूर्वी तो जहाजांनी जपानच्या पश्चिम किनाऱ्याला उतरायचा आणि तिथून डोंगर ओलांडून क्योटोत यायचा. दाशीचे पाणी नितळ राहावे म्हणून इथले स्वयंपाकी रिशिरी जातीचा कोंबू पसंत करतात. ही दाशी काय करू शकते ते पाहायचे तर मिकी केइरान या १९२८ पासूनच्या दुकानासमोर थांबावे. तांब्याच्या चौकोनी तव्यावर दाशी घातलेल्या अंड्यांचा पातळ थर ओततात. तो अर्धवट ओला असतानाच लांब चॉपस्टिक्सने गुंडाळून एका कडेला सारतात, पुन्हा तेलाचा हात, पुन्हा थर. तोक्योकडची वळकटी गोडसर असते. इथली साखरेवाचून, दाशीने इतकी भिजलेली, की हातात घेताच थरथरते.

युबाकिची हे दुकान १७९० चे. सोयाबीनचे दूध मंद आचेवर तापवले, की वर पातळ पापुद्रा धरतो. तो काठीवर उचलला, की झाला युबा. सगळे दुकान या पापुद्र्यावर चालते. लोणचेवाल्यांकडे भाताच्या कोंड्यात पुरलेल्या काकड्या, वांगी आणि मुळे असतात, हिवाळ्यात शोगोइन सलगमाच्या पातळ चकत्या. मोसम संपला, की माल संपला.

भाजीवाल्यांच्या या गल्लीने जपानला एक थोर चित्रकारही दिला. इतो जाकुचू, जन्म १७१६, निशिकीतल्या भाजीच्या घाऊक पेढीचा थोरला मुलगा. वडील वारल्यावर विशीतच गादीवर बसला आणि चाळिशीत धंदा धाकट्या भावाच्या हाती सोपवून चित्रांत रमला. पण १७७१ मध्ये प्रतिस्पर्ध्यांच्या खटपटीमुळे निशिकीचा भाजीबाजार बंद पडायची वेळ आली, तेव्हा कुंचला बाजूला ठेवून तो तडजोडीच्या वाटाघाटींत उतरला. १७७४ मध्ये बाजाराला पुन्हा परवानगी मिळाली. त्याच्या एका प्रसिद्ध चित्रात बुद्धाचे महापरिनिर्वाण आहे, पण बुद्धाच्या जागी मुळा आडवा पडला आहे आणि भोवती भाज्या शोक करताहेत. ते आता क्योटोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

त्यानंतरचा मोठा धक्का १९२७ चा. क्योटोत जपानचा पहिला मध्यवर्ती घाऊक बाजार सुरू झाला आणि निशिकीतले बरेच मासळी-भाजी व्यापारी तिकडे गेले. रिकाम्या गाळ्यांत इतर किरकोळ दुकाने आली, आणि आजची विविधता बरीचशी त्यातूनच घडली.

आताचा बदल त्याहून खोल जाणारा आहे. गल्ली पर्यटकांनी भरली आहे, पण हॉटेलात उतरलेल्या माणसाकडे चूल नसते. त्याला कोंबूची जुडी नको, घासभर तयार काहीतरी हवे. म्हणून काडीला टोचलेले, डोक्यात लावीचे अंडे भरलेले छोटे ऑक्टोपस खपतात. बोळ अरुंद, त्यामुळे चालता-चालता खाऊ नका, दुकानापाशी थांबून खा, अशी विनंती व्यापाऱ्यांना करावी लागते. दुकानदारांना दोष देण्यात अर्थ नाही, भाडे भरायलाच हवे. पण काडीवरच्या घासाला जोडीला दुसऱ्या दुकानाची गरज नसते, आणि गल्लीची वीण त्या गरजेनेच घट्ट होती.

ती अजून उसवलेली नाही. शहरातली उपाहारगृहे इथून माल उचलतात आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नववर्षाच्या जेवणासाठी क्योटोकरांची इथे रेटारेटी असते. या बाजाराची खरी मोजणी करायची तर गल्लीतली गर्दी मोजून भागणार नाही, शहरात दाशी घरी करणारी घरे किती उरली ते पाहावे लागेल. घरात हामो शिजला तर मासेवाल्याचा हात चालता राहील, आणि तो चालला तर सुरीवाल्याची छिन्नीही.