ट्रकाआडची मोटारसायकल

धुळ्यात मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे महामार्ग एकमेकांना छेदतात. जळगावात जुना महामार्ग आकाशवाणी चौक, अजिंठा चौफुलीवरून शहराच्या मधूनच जातो. केळीच्या ट्रकाआडून येणारी मोटारसायकल अशा ठिकाणी दिसत नाही, आणि घात तिथेच होतो. वायरलेस संवादाची सोय असलेली वाहने आपली जागा, वेग, दिशा आणि ब्रेक लागला की नाही, हे सेकंदाला साधारण 10 वेळा रेडिओलहरींवरून आसपासच्या गाड्यांना कळवतात. मोकळ्यावर पल्ला सुमारे 300 मीटर; ताशी 60 किलोमीटर वेगाला जवळपास 18 सेकंद हाताशी. अमेरिकेने यासाठी 5.9 गिगाहर्ट्झचा पट्टा 1999 मध्येच राखला. पक्क्या इमारतींआड मात्र संदेश क्षीण होतो. यंत्र नसलेले वाहन तर मुकेच. म्हणून खानदेशात ते आधी दुचाकी आणि ट्रॅक्टरवर बसायला हवे, महागड्या मोटारींवर नंतर.