कँटीनच्या ओल्या कचऱ्याचे खत शेतात घेण्यापूर्वी काय तपासावे?

चाकण, महाळुंगे, मोशी, भोसरी परिसरात एमआयडीसीला लागून ज्यांची शेती आहे, त्यांना हा प्रसंग नवीन नाही. कंपनीच्या कँटीनचा किंवा हॉटेलचा ठेकेदार ट्रॉलीभर ‘खत’ घेऊन बांधावर येतो. फुकट, किंवा नुसत्या भाड्यात. शेणखत मिळेनासे झाले असताना मोह होतोच. हे खत चांगलेही असते. मात्र न तपासता टाकले तर पीक आणि जमीन दोन्हींचे नुकसान होते.

हे खत येते कुठून?

केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी रोज सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या आस्थापनांना ‘मोठे कचरा निर्माते’ ठरवले. ओला आणि सुका कचरा वेगळा करणे आणि ओल्याची शक्यतो आपल्याच आवारात विल्हेवाट लावणे ही जबाबदारी त्यांच्यावर आली. त्यामुळे हॉटेले, मोठ्या सोसायट्या आणि कंपन्यांची कँटीन खत करणारी यंत्रे बसवू लागली. तयार मालाला गिऱ्हाईक हवे, म्हणून तो आपल्याकडे येतो.

‘२४ तासांत खत’ म्हणजे काय?

काही वर्षांपूर्वी खेड तालुक्यातील एका शेतकऱ्याने मला कांद्याची रोपवाटिका पाहायला बोलावले. शेणखताच्या वाफ्यांत रोप तरारले होते, यंत्राच्या खताच्या वाफ्यांत विरळ आणि पिवळे. खत काळेभोर, भुसभुशीत होते. नुसते हातात घेऊन मलाही शंका आली नसती. रोप पुन्हा टाकावे लागले आणि लागवड महिनाभर लांबली.

यंत्रात कचरा बारीक होतो, तापतो, वाळतो. पण कुजण्याचे काम अर्धेच झालेले असते. असा माल ओल्या मातीत गेला की पुन्हा कुजू लागतो. उष्णता, आम्ले व अमोनिया यांनी कोवळी मुळे जळतात. कर्ब जास्त असेल तर जिवाणू जमिनीतले नत्र वापरतात आणि पीक पिवळे पडते. कँटीनच्या अन्नात मीठही बरेच असते. म्हणून यंत्रातून निघालेला माल सावलीत ढीग लावून, ओलावा राखून, दर आठवड्याला पलटून किमान महिनाभर मुरवावा.

प्रयोगशाळेचा अहवाल मागा

खत नियंत्रण आदेशातील शहरी कंपोस्टचे मुख्य निकष असे:

- सेंद्रिय कर्ब: किमान १२ टक्के
- नत्र: किमान ०.८ टक्के, स्फुरद व पालाश: प्रत्येकी किमान ०.४ टक्के
- कर्ब-नत्र गुणोत्तर: २० पेक्षा कमी
- सामू: ६.५ ते ७.५
- क्षारता: ४ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त नको
- शिसे: प्रति किलो १०० मिलिग्रॅम, कॅडमियम: ५ मिलिग्रॅमपर्यंत

राज्यात नगरपालिका, महापालिकांचे निकषांत बसणारे कंपोस्ट ‘हरित महासिटी कंपोस्ट’ या नावाने विकले जाते. खासगी ठेकेदाराकडूनही याच निकषांचा अहवाल मागावा.

घरच्या तीन परीक्षा

१. वास: ओलसर खत प्लॅस्टिक पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर आंबट किंवा सडका वास आला तर खत कच्चे आहे. मातीसारखा वास हवा.

२. उगवण: एका कुंडीत नुसती माती, दुसरीत तीन भाग माती व एक भाग खत घ्या. दोन्हींत मेथीचे २० दाणे टाका. सात दिवसांनी खताच्या कुंडीत उगवण स्पष्ट कमी असेल तर आणखी महिनाभर थांबून परीक्षा पुन्हा करा.

३. चाळणी: घमेलेभर खत चाळा. काच, पिशव्यांचे तुकडे, बॅटरी दिसली की ट्रॉली परत पाठवा. प्लॅस्टिक एकदा मातीत मिसळले की वेचून संपत नाही.

वापरताना

- पहिल्या वर्षी फक्त १० गुंठ्यांवर वापरून पाहा.
- रोपवाटिकेत टाकू नका. लागवडीच्या तीन-चार आठवडे आधी शेवटच्या पाळीवेळी मातीत मिसळा.
- चोपण किंवा खारवट जमिनीत, तसेच पाण्याचा निचरा नसेल तिथे हे खत टाळा.
- एक टन खतात किमान ८ किलो नत्र असते, म्हणजे सुमारे १७ किलो युरियाइतके. पण पहिल्या हंगामात त्यातले थोडेच पिकाला मिळते. म्हणून रासायनिक खत एकदम बंद करू नका, माती परीक्षणानुसार कमी करा.

हे मात्र कधीच घेऊ नका

कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रियेतील गाळ ‘सेंद्रिय खत’ म्हणून कोणी देऊ केला, त्याला तेलाचा किंवा रसायनाचा वास असेल, रंग वेगळा दिसत असेल, तर तो बांधावर उतरवूच देऊ नका. त्यात जड धातू असू शकतात. ते कुजत नाहीत आणि जमिनीतून काढता येत नाहीत.

सहायक कृषी अधिकाऱ्यांनी गावातील पाच-सहा शेतकऱ्यांचा गट करून एकाच ठेकेदाराच्या मालाचा एकत्र नमुना तपासून घ्यावा. खर्च वाटला जातो. खेड, जुन्नर, आंबेगावच्या शेतकऱ्यांनी मार्गदर्शनासाठी नारायणगाव येथील कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा. आस्थापनेला कचरा मार्गी लावायचा असतो, म्हणजे गरज तिचीही आहे. तेव्हा फुकटचा माल असला तरी अहवाल मागायला संकोच करू नका.