बारा मुलांची शाळा आणि एका अंड्याचा हिशेब

२०२५ मध्ये विदर्भातल्या शाळा २३ जूनला उघडल्या. उरलेल्या महाराष्ट्रात त्या आठवडाभर आधीच सुरू झाल्या होत्या आणि तो सगळा आठवडा पहिलीपासून हिंदी हवी की नको या वादात गेला. वाद बिनमहत्त्वाचा मुळीच नाही. पण गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यात, सौंदडच्या आजूबाजूला जंगलाच्या कडेने पसरलेल्या टोल्यांमध्ये, म्हणजे लहान वस्त्यांमध्ये, प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. भाषा कोणतीही ठरो, ती शिकवायला गावात शाळा आणि शाळेत गुरुजी उरणार आहेत का? १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेतील शिक्षकांची पदे ठरवण्याच्या, निर्णयानुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत मिळून वीसपेक्षा कमी मुले असतील, तर शिक्षकाचे एकही पद मंजूर होत नाही. त्याआधी सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने कमी पटाच्या शाळांऐवजी, त्या एकत्र करून चालवायच्या समूह शाळांचे प्रस्ताव मागवले होते. तेव्हाच्या हिशेबाप्रमाणे वीस किंवा त्याहून कमी पटाच्या १४,७८३ शाळा राज्यात होत्या आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले शिकत होती. म्हणजे एका शाळेत सरासरी बारा-तेरा मुले. उत्तर प्रदेशानेही १६ जून २०२५ रोजी कमी पटाच्या शाळा शेजारच्या शाळांना जोडण्याचा आदेश काढला. पटसंख्येवरून शाळेची गरज ठरवण्याची ही रीत देशभर रुजू लागली आहे, आणि ती मुळातच चुकीची आहे.

पट कमी का होतो, हे आधी पाहायला हवे. जन्मदर घटला, हे खरे कारण आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर १.७ इतका खाली आला होता. पण धानपट्ट्यात दुसरेही कारण आहे. ज्या घरात नोकरी आहे, दुकान आहे किंवा ओलिताखालची थोडी जास्त बांधी (धानाचे शेत) आहे, ते घर मुलाला व्हॅनमध्ये बसवून रस्त्यावरच्या मोठ्या गावातल्या कॉन्व्हेंटला पाठवते. मागे उरतात ती रोवणी-कापणीच्या मजुरीवर, उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपत्त्यावर जगणाऱ्या घरांची मुले. धानाचा हंगाम संपला की कोणाचे आईवडील मिरची तोडायला तेलंगणात जातात, कोणाचे नागपूर किंवा हैदराबादच्या बांधकामांवर. तेव्हा ज्या शाळेचा पट बारावर आला, तिथे गावातली बाराच मुले आहेत असे नव्हे. दुसरीकडे जाण्याची ऐपत नसलेली बारा मुले तिथे आहेत. गरिबी जिथे सर्वांत दाट, तिथे पट सर्वांत विरळ. कमी पट पाहून शाळा हलवायची ठरवली की राज्य नेमक्या याच मुलांना निवडून त्यांच्या हातचे काढून घेते.

आणि काढून घेतला जातो तो फक्त वर्ग नव्हे. टोल्यावरच्या मुलाला राज्य भेटते ते शाळेतच. दुपारचे जेवण, पुस्तके, गणवेश आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाची तपासणी या सगळ्यांचा पत्ता शाळा हाच असतो. दाखल-खारीज रजिस्टरमधली नोंद पुढे जन्मतारखेचा आणि जातीचा पुरावा ठरते. जात पडताळणीसाठी आजोबांच्या नावाची जुनी नोंद शोधत फिरणाऱ्या गोंड, हलबा किंवा ढिवर कुटुंबाला त्या एका ओळीची किंमत विचारा. स्वयंपाकी-मदतनीस म्हणून महिन्याला अडीच हजार रुपये मिळवणारी बाईही बहुधा त्याच वस्तीतली, गरजू घरातली असते. भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारला. त्यातले आरोग्याचे, पोषणाचे, शिक्षणाचे आणि ओळखीचे हक्क टोल्यावरच्या मुलासाठी याच एका छपराखाली एकत्र येतात. ते छप्पर चार किलोमीटर दूर नेले की सगळेच हक्क एकदम दूर जातात.

यातल्या जेवणाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण राज्याच्या प्राधान्यक्रमाचे सर्वांत स्पष्ट दर्शन तिथे होते. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळांमध्ये शिजवलेले ताजे अन्न देण्याचा आदेश दिला आणि दुपारचे जेवण हा हक्क झाला. पहिली ते पाचवीच्या मुलाच्या ताटात १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने असावीत असा नियम आहे. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यांसाठी १ मे २०२५ पासून ठरलेला दर होता माणशी ६ रुपये ७८ पैसे. बाजारात तेव्हा एक अंडे जवळपास तेवढ्यालाच पडत होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने आठवड्यातून एक अंडे आणि न खाणाऱ्यांना फळ देण्याचे ठरवले, तेव्हा वाटले, उशिरा का होईना शहाणपण आले. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवण्यात आला आणि अंडे द्यायचेच असेल तर लोकसहभागातून द्या, असे शाळांना सांगण्यात आले. ज्या गावात लोकच मजुरीसाठी परराज्यात जातात, तिथे लोकसहभाग कोणाकडून मागायचा? तामिळनाडू आठवड्यातून पाच दिवस अंडे देते, कर्नाटकाने अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीने सहा दिवसांपर्यंत मजल मारली. आणि त्याच कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात पाच वर्षांखालची २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने कृश आहेत. देशाचे प्रमाण १९.३ टक्के. श्रीमंत म्हणवणारे राज्य या बाबतीत देशाच्या सरासरीच्याही मागे आहे. हीच मुले पुढे पहिलीत येतात, भूक घेऊन येतात, आणि त्यांच्या ताटातले अंडे आपण काटकसरीच्या नावाखाली काढतो.

समूह शाळांच्या बाजूने मांडले जाणारे मुद्दे मात्र हलके नाहीत. पाच वर्गांत मिळून दहा मुले असली तर खेळायला सवंगडी नाहीत, एकाच गुरुजीला पाचही वर्ग सांभाळावे लागतात, शिकणे होत नाही, असे शिक्षणाधिकारी सांगतात. यातले दुखणे खरे आहे, पण निदान चुकले आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेतच; तिथे किमान पटाची अट नाही. पद रिकामे ठेवायचे किंवा कंत्राटावर भागवायचे, मग शाळा खालावली की तिच्या लहानपणाला दोष द्यायचा, हा न्याय नव्हे. दुसरा मुद्दा वाहनाचा: बस देऊ, मुले मोठ्या आणि चांगल्या शाळेत येतील. पण कायद्याच्या राज्य नियमांनी पहिली ते पाचवीसाठी एक आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरची मर्यादा घातली, ती उगाच नव्हे. सौंदड मुंबई-कोलकाता महामार्गावर आहे. नवेगाव आणि नागझिरा यांना जोडणारे वाघ-बिबट्यांचे जंगल याच टापूत आहे आणि श्रावणात नाले भरून वाहतात. इथले तीन किलोमीटर पुण्यातले तीन किलोमीटर नव्हेत. एक दिवस गाडी आली नाही तर शहरातला बाप मुलाला दुचाकीवर सोडतो. इथला बाप बांधीत चिखलणी करत असतो. अशा वेळी आधी घरी थांबते ती मुलगी, कारण धाकट्याला सांभाळायलाही कोणी हवेच असते. रोवणीच्या दिवसांत शाळा गावात असूनही हजेरी घसरते; ती दूर गेल्यावर काय होईल, हे सांगायला वेगळी पाहणी नको.

राहिला पैशाचा मुद्दा. एका मुलामागचा खर्च फार होतो, हे गणित बरोबर आहे. पण विरळ वस्तीत हक्क पोचवायला जास्तच खर्च येतो. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली, शेतकऱ्यांच्या करातून जमणारा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर जातो हे दाखवून दिले. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात मोफत व सक्तीचे शिक्षण आणले, तेव्हा संस्थानाची तिजोरी आजच्या महाराष्ट्राएवढी नव्हती. १९५४ मध्ये मद्रासचे मुख्यमंत्री झालेल्या कामराजांनी आधीचे मुख्यमंत्री राजाजी यांच्या काळात बंद पडलेल्या शाळा उघडल्या, खेडोपाडी नव्या काढल्या आणि दुपारचे जेवण सुरू केले. तामिळनाडू आज जिथे आहे, त्याचा पाया त्या जवळच्या शाळेत आणि त्या ताटात आहे. मुलांची संख्या घटते आहे, तर प्रत्येकाच्या वाट्याला जास्त देण्याची ही संधी मानायला हवी.

म्हणून सरकारकडे मागणे चार गोष्टींचे आहे. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक शाळेत, पट कितीही असो, दोन नियमित शिक्षक द्या. सहावी ते आठवीसाठी पद शून्य करणारी अट मागे घ्या. अंड्याचा निधी परत आणा आणि आठवड्यातल्या एका अंड्यावर थांबू नका. आणि शाळा हलवण्याचा कोणताही प्रस्ताव ग्रामसभेच्या आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या लेखी संमतीशिवाय पुढे नेऊ नका. त्या सभेला कामावर गेलेले पालक येऊ शकतील अशी तारीख धरा. शाळेच्या भाषेवर महाराष्ट्र २०२५ मध्ये हिरिरीने बोलला. तीच हिरिरी टोल्यावरची बारा मुलांची मराठी शाळा टिकवण्यासाठी दाखवली, तर भाषेचेही भले होईल आणि मुलांचेही.