मिनिकॉय : जिवंत तटबंदीचे बेट

उष्ण कटिबंधातील निवांत बेट म्हटले, की डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. पांढरी वाळू, कललेली नारळाची झाडे आणि तळ दिसावा इतके नितळ निळे पाणी. अशा बेटाविषयी लिहिताना 'मानवाचा हात न लागलेले' असे शब्द सहज वापरले जातात. लक्षद्वीपमधले मिनिकॉय दिसायला तंतोतंत या चित्रासारखे आहे. परंतु तेथे २०११ च्या जनगणनेनुसार दहा हजारांहून अधिक माणसे राहतात, आणि बेटाचे क्षेत्रफळ पाच चौरस किलोमीटरपेक्षाही कमी आहे. हे लोक पिढ्यान् पिढ्या याच समुद्रात मासेमारी करीत आले आहेत. म्हणजे मानवाचा हात तर येथे रोजच लागतो आहे. मग हे बेट बिघडले का नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधताना भूशास्त्र, भौतिकी, जीवशास्त्र आणि इतिहास हे चारही विषय एकत्र येतात.

नकाशावर मिनिकॉय

लक्षद्वीपमध्ये लहानमोठी ३६ बेटे मोजली जातात. त्या सर्वांची मिळून जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर. मिनिकॉय त्यांतले सर्वांत दक्षिणेचे. ८ अंश १७ मिनिटे उत्तर अक्षांशावरचे हे बेट कोचीपासून सुमारे ४०० किलोमीटर दूर आहे. उत्तरेकडची बाकीची बेटे आणि मिनिकॉय यांच्यामध्ये 'नऊ अंश खाडी' हा सुमारे २०० किलोमीटर रुंदीचा खोल समुद्र पसरलेला आहे. दक्षिणेला 'आठ अंश खाडी' ओलांडली की मालदीवची बेटे सुरू होतात. खाड्यांची ही नावे सरळ अक्षांशांवरून पडली आहेत, हे विद्यार्थ्यांना नकाशावर जरूर दाखवावे.

भूगोलाच्या पुस्तकात आपण कंकणद्वीप हा शब्द शिकवतो. मिनिकॉय हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. प्रवाळांची, म्हणजे पोवळ्यांची, एक कडी समुद्राच्या पृष्ठभागापर्यंत वाढलेली आहे. कडीच्या आत सुमारे ३० चौरस किलोमीटरचे उथळ, शांत पाणी आहे. त्याला लगून म्हणतात. बेट म्हणजे या कडीच्या पूर्वेकडच्या काठावर साचलेली वाळूची अरुंद पट्टी. तिची लांबी सुमारे दहा किलोमीटर, आणि उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम एक-दोन मीटर.

पायाखाली सह्याद्रीचा भाऊबंद

समुद्राच्या मधोमध पोवळ्यांची अशी कडी कशी तयार होते? १८४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात चार्ल्स डार्विनने याचे उत्तर सुचवले. समुद्रातून वर आलेल्या ज्वालामुखीच्या काठाने प्रवाळ वाढू लागतात. ज्वालामुखी थंड होऊन हळूहळू खचत जातो. प्रवाळांना सूर्यप्रकाश हवा असतो, म्हणून ते तितक्याच वेगाने वर वाढत राहतात. शेवटी मधला डोंगर पाण्याखाली नाहीसा होतो आणि उरते ती कडी. १९५२ मध्ये प्रशांत महासागरातल्या एनिवेटॉक या कंकणद्वीपावर खोल छिद्र पाडण्यात आले, तेव्हा एक हजार मीटरहून अधिक जाडीच्या प्रवाळखडकाखाली खरोखरच ज्वालामुखीचा बेसॉल्ट सापडला.

लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस ही बेटे एका लांबलचक सागरी डोंगररांगेच्या माथ्यावर वसलेली आहेत. या रांगेची कथा आपल्या सह्याद्रीशी जोडलेली आहे. भूकवचाखालच्या ज्या तप्त स्रोतामुळे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा बाहेर आला, त्याच्यावरून भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे ज्वालामुखींची रांग उमटत गेली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. १९८७ मध्ये सागरी छिद्रणाच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेत मालदीवजवळ मिळालेल्या बेसॉल्टचे वय सुमारे ५.७ कोटी वर्षे निघाले. म्हणजे दख्खनपासून दक्षिणेकडे जावे तसतसा खडक तरुण होत जातो. आज तोच स्रोत हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर जागा आहे. तेव्हा मिनिकॉयच्या खोल पायातला खडक हा आपल्या घाटातल्या काळ्या कातळाचा धाकटा भाऊबंद म्हणावा लागेल.

वरची वाळू मात्र शंभर टक्के सजीवांची देणगी. ती पोवळी, शिंपले आणि चुनायुक्त शैवाल यांच्या चुऱ्याची आहे. प्रवाळभित्तीवर राहणारा पोपटमासा चोचीसारख्या दातांनी खडक खरवडून त्यावरचे शैवाल खातो आणि न पचलेला चुना बारीक वाळूच्या रूपाने बाहेर टाकतो. त्याच्या मोठ्या जातींतला एकेक मासा वर्षाला शेकडो किलो वाळू तयार करतो. ज्या किनाऱ्यावर आपण पाय ठेवतो, त्यातला मोठा वाटा माशांच्या पोटातून गेलेला आहे, हे सांगितले की वर्गात हशा पिकतो. पण ते अक्षरशः खरे आहे.

गोड्या पाण्याचे भिंग

बेटावर एकही नदी नाही. तरीही विहिरींना गोडे पाणी लागते. पावसाचे पाणी सच्छिद्र वाळूत झिरपते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. समुद्राच्या पाण्याची घनता गोड्या पाण्याच्या सुमारे १.०२५ पट असते. या फरकावरून साधे गणित मांडता येते. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक एकक वर असेल, तर ते पाणी सुमारे ४० एकके खाली गेलेले असते. पातळी २५ सेंटिमीटर वर असली, तर दहा मीटर खोलीपर्यंत गोडे पाणी. प्रत्यक्षात भरती-ओहोटीमुळे पाणी मिसळते आणि हा आकडा बराच कमी भरतो. मध्ये जाड आणि कडेला पातळ अशा या साठ्याला भिंगाचा आकार येतो. पंप लावून भराभर उपसा केला, तर खालून खारे पाणी चढते.

या अडचणीवर बेटाच्या रचनेतच एक उपाय दडलेला आहे. कंकणद्वीपाचा बाहेरचा उतार इतका तीव्र असतो, की किनाऱ्याजवळच खोल, थंड पाणी मिळते. पृष्ठभागावरचे कोमट पाणी कमी दाबाखाली उकळायचे आणि ती वाफ खोलवरच्या थंड पाण्याने निववायची, या तत्त्वावर चेन्नईच्या राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेने कवरत्ती येथे २००५ मध्ये आणि मिनिकॉय व अगत्ती येथे २०११ मध्ये संयंत्रे उभारली. प्रत्येकाची क्षमता रोज एक लाख लिटर गोड्या पाण्याची आहे.

काठीने पकडलेला कुपा

आता मासेमारीकडे वळू. मिनिकॉयचा मुख्य मासा स्किपजॅक ट्यूना. कोकणात ट्यूनाच्या जातींना कुपा, गेदर अशी नावे आहेत. तो उघड्या समुद्रात थव्याने फिरतो. त्याला पकडायला मिनिकॉयचे कोळी जाळे वापरत नाहीत. त्यांची साधने म्हणजे लांब काठी, दोरी, गळ आणि मूठभर जिवंत छोटे मासे.

पहाटे होडी प्रथम लगूनमध्ये जाते. पोवळ्यांच्या झुडपांभोवती वावरणारे बोटाएवढे मासे बारीक जाळ्याने धरून होडीतल्या टाकीत जिवंत ठेवतात. या टाकीत समुद्राचे पाणी सतत खेळते असते. मग होडी बाहेर पडते. समुद्रपक्षी घिरट्या घालताना दिसले, की खाली ट्यूनाचा थवा आहे असे समजतात. एक जण जिवंत मासे मूठमूठ पाण्यात फेकतो, आणि पाण्याचे शिंतोडे उडवून पृष्ठभाग खळबळता ठेवतात. छोट्या माशांचा मोठा घोळका आला, अशी ट्यूनाची समजूत होते आणि तो समोर चमकेल त्यावर तुटून पडतो. गळाला उलटा काटा नसतो. काठीला हिसका देताच मासा हवेतून होडीत येतो, आपोआप सुटतो, आणि गळ क्षणात पुन्हा पाण्यात.

या पद्धतीत मासा एकेक करून पकडला जातो. कासव, डॉल्फिन किंवा नको असलेले मासे सहसा सापडत नाहीत. तळाला काही घासत नाही. पकडलेला ट्यूना समुद्राच्या पाण्यात उकडून, धुरी देऊन, उन्हात वाळवतात. असा लाकडासारखा कडक 'मासमीन' महिनोन्महिने टिकतो. बर्फ नव्हता तेव्हा याच पदार्थावर बेटाचा व्यापार चालत असे. मिनिकॉय व मालदीवची ही जुनी कला १९६० नंतर मत्स्यखात्याने यांत्रिक होड्यांसह लक्षद्वीपच्या इतर बेटांवर नेली.

तिचा एक परिणाम फार मोलाचा ठरला. माणसांची भूक आणि कमाई उघड्या समुद्रातल्या ट्यूनावर भागू लागली, त्यामुळे प्रवाळभित्तीवरचे मासे बऱ्याच प्रमाणात वाचले. उलट बाजूने पाहिले, तर ट्यूना पकडायला लागणारे जिवंत आमिष याच प्रवाळांच्या आश्रयाने वाढते. प्रवाळ कोळ्यांना आमिष पुरवतात, आणि कोळ्यांची पद्धत प्रवाळांवरचे मासे राखते. बेट न बिघडण्याचे मुख्य कारण या देवघेवीत आहे.

बुडी मारल्यावर

पाठीवर हवेची टाकी घेऊन, किंवा नुसती श्वासनळी तोंडात धरून, लगूनच्या कडेला बुडी मारली तर ही देवघेव डोळ्यांनी दिसते. हरणाच्या शिंगांसारखी फांद्याफांद्यांची पोवळी वर्षाला दहा सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतात. घुमटासारखी भरीव पोवळी वर्षाला सेंटिमीटरभरच वाढतात. पोवळे हा प्राणी. पण त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते, ते प्रकाशात अन्न तयार करते आणि पोवळ्याला पोसते. रंगही बहुतांशी त्याचाच. या अन्नाच्या बळावर पोवळे चुन्याचा सांगाडा रचते, आणि अशा असंख्य सांगाड्यांची भिंत लाटांचा मारा बाहेरच अडवते.

दीपस्तंभ आणि बुडालेली जहाजे

हीच भिंत खलाशांच्या जिवावर उठत असे. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि एडनहून कोलंबोकडे जाणाऱ्या आगबोटींची वर्दळ या भागात वाढली. एवढे सखल बेट रात्री दिसणार कसे? म्हणून १८८५ मध्ये येथे विटांचा दीपस्तंभ उभा राहिला. त्याची उंची ४५ मीटरहून अधिक आहे. क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये काढायचे सूत्र सोपे आहे: उंचीच्या (मीटर) वर्गमुळाला ३.५७ ने गुणावे. दोन मीटर उंचीवरून पाच किलोमीटर, तर ४५ मीटरवरून सुमारे २४ किलोमीटर. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सागरी पुरातत्त्वज्ञांनी मिनिकॉयच्या पाण्यात बुडालेल्या आगबोटींचे अवशेष अभ्यासले आहेत. त्यांच्या लोखंडी बॉयलरांवर आता पोवळी वाढली आहेत.

माणसांचा इतिहासही वेगळा आहे. बेटाचे स्थानिक नाव मलिकू. भाषा महल, ती मालदीवच्या दिवेहीची बोली. लिपी थाना, उजवीकडून डावीकडे लिहायची. तिची पहिली नऊ अक्षरे अरबी अंकांवरून घडलेली आहेत. कण्णूरच्या अली राजांची येथे दीर्घकाळ सत्ता होती. आजही अनेक पुरुष व्यापारी जहाजांवर खलाशी म्हणून महिनोन्महिने बाहेर असतात. गावाच्या कारभारात पुरुषांचा प्रमुख 'बोडुकाका', तशी स्त्रियांची प्रमुख 'बोडुदाता' असते.

समुद्र तापतो तेव्हा

उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखादा अंश जरी अधिक तापले आणि ते काही आठवडे तसेच राहिले, तरी पोवळे आपल्यातले शैवाल बाहेर टाकते. ते पांढरे पडते, आणि पाणी लवकर निवले नाही तर उपासमारीने मरते. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये असे घडले. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती येथील दीर्घ अभ्यासात जिवंत प्रवाळांचे आच्छादन १९९८ मधल्या सुमारे ३७ टक्क्यांवरून २०२२ पर्यंत १९ टक्क्यांवर आलेले आढळले.

मेलेल्या पोवळ्यावर शैवाल माजले, तर नव्या पोवळ्याला रुजायला जागा राहत नाही. ती जागा साफ ठेवतात पोपटमाशांसारखे शाकाहारी मासे. ते शाबूत असल्यानेच आजवर येथले प्रवाळ पुन्हा पुन्हा सावरू शकले. अलीकडे मात्र प्रवाळभित्तीवरच्या माशांनाही बाजारात मागणी वाढते आहे. भिंत झिजली, की लाटा आत येतात आणि वाळू वाहून जाते. बंगारम कंकणद्वीपातले पराली-१ हे निर्जन बेटुकले अशा धुपेने नाहीसे झाल्याचे २०१७ मध्ये जाहीर झाले.

समुद्राचे तापमान एखाद्या बेटाच्या हाती नाही. पण कोणता मासा, किती आणि कसा पकडायचा, विहिरीतून किती पाणी उपसायचे, हे बऱ्याच अंशी आहे. बेट पाहायला जाणाऱ्यांच्याही हाती काही गोष्टी आहेत. लक्षद्वीपला जायला प्रवेश-परवाना लागतो. पोवळ्यावर उभे राहू नये. ताटात प्रवाळभित्तीवरच्या माशाऐवजी ट्यूना मागावा. पोवळ्याचा तुकडाही आठवण म्हणून आणू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

वर्गात करण्यासारखे

१. अंड्याचे कवच किंवा शिंपला व्हिनेगरमध्ये टाका. बुडबुडे कसले? (फळ्याचा खडू वापरू नका. तो बहुधा जिप्समचा असतो, बुडबुडे येत नाहीत.) समुद्राची आम्लता वाढली तर पोवळ्यांचे काय होईल, यावर चर्चा घ्या.

२. काचेच्या भांड्यात मिठाच्या दाट पाण्यावर रंगीत गोडे पाणी चमच्याच्या पाठीवरून हळूच सोडा. दोन थर दिसतील. आता वरचे पाणी नळीने आधी हळू आणि मग जोराने ओढून पाहा.

३. सूत्र वापरून शाळेच्या गच्चीवरून क्षितिज किती दूर असेल, ते काढा.

४. आपल्या गावच्या नदीत, तळ्यात किंवा खाडीत मासे कसे पकडतात, याची माहिती जुन्या कोळ्यांकडून मिळवा. कोणती पद्धत पुढच्या वर्षीसाठी मासे शिल्लक ठेवते, आणि कोणती ठेवत नाही?