संरक्षक कमान आणि पोलादी नळीचा बाक

छत नसलेली शर्यतीची मोटार उलटली, तर तिचा भार कशावर तरी पेलला जाणारच. तो चालकाच्या डोक्यावर आणि मानेवर येऊ नये, यासाठी त्याच्या आसनामागे पोलादी नळीची एक उंच कमान उभी केलेली असते. तिला ‘रोल हूप’ असे म्हणतात. फॉर्म्युला वन शर्यतींत १९६१ पासून असे संरक्षण सक्तीचे झाले. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः आखलेल्या व बांधलेल्या मोटारींच्या ‘फॉर्म्युला एसएई’ या स्पर्धेस १९८१ मध्ये अमेरिकेत ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात प्रारंभ झाला. भारतात ‘फॉर्म्युला भारत’सारख्या स्पर्धा त्याच धर्तीच्या नियमांनी भरविण्यात आल्या. या मोटारींत मुख्य कमान चालकाच्या मागे व दुसरी त्याच्या पुढे, सुकाणूचक्राजवळ असते. दोन्ही कमानींच्या माथ्यांना जोडणारी रेषा कल्पिली, तर चालकाचे शिरस्त्राण तिच्या निदान ५० मिलिमीटर खाली राहिले पाहिजे.

मुख्य कमान एकाच अखंड नळीची असावी लागते. ती सांगाड्याच्या एका बाजूच्या तळापासून निघते, चालकाच्या डोक्यामागून वळते आणि दुसऱ्या बाजूच्या तळाशी पोहोचते. मध्ये कोठेही कापून वेल्डिंगने जोडण्यास मुभा नाही. नळीचा बाह्य व्यास २५.४ व जाडी २.४ मिलिमीटर हे तिचे रूढ माप आहे. उंची मिश्रपोलाद वापरले, तरी त्या सबबीवर जाडी कमी करता येत नाही. प्रमाणित नळ्यांऐवजी वेगळी रचना योजणाऱ्या संघाला गणिताने सिद्ध करावे लागते, की माथ्यावर खालच्या दिशेने ९, लांबीच्या दिशेने ६ व आडव्या दिशेने ५ किलोन्यूटन इतका जोर एकाच वेळी आला, तरी माथा २५ मिलिमीटरपेक्षा अधिक सरकत नाही. यांपैकी खालचा जोरच सुमारे नऊशे किलोग्रॅम वजनाइतका आहे.

हा जोर पेलण्याची ताकद सरळ नळीत असते. प्रश्न असा, की वाकविल्यानंतर ती कितपत शिल्लक राहते. नियमानुसार बाकाची त्रिज्या, नळीच्या मध्यरेषेवर मोजली असता, बाह्य व्यासाच्या निदान तिप्पट हवी; म्हणजे या नळीसाठी ७६.२ मिलिमीटर. या त्रिज्येने काटकोनात वाकविलेल्या भागाची मध्यरेषेवरील लांबी सुमारे १२० मिलिमीटर असते. पण त्याच भागाची बाहेरची कड सुमारे १४० आणि आतली कड सुमारे १०० मिलिमीटर भरते. मुळात दोन्ही कडा सारख्याच लांबीच्या होत्या. याचा अर्थ, बाहेरचे पोलाद आपल्या लांबीच्या सुमारे एक-षष्ठांशाने ताणले गेले आणि आतले जवळजवळ तितकेच दाबले गेले. ताणलेली भिंत पातळ होते, दाबलेली जाड होते. त्रिज्या याहून लहान घेतली, तर हा ताण झपाट्याने वाढतो.

यातून तीन दोष संभवतात. बाहेरची भिंत प्रमाणाबाहेर पातळ होऊन चिरते; आतल्या भिंतीवर सुरकुत्या पडतात; किंवा नळीचा गोल छेद चपटा, लंबवर्तुळाकार होतो. मोटार उलटल्यावर कमान कोठे दुमडण्यास प्रारंभ होईल, हे अशा जागा ठरवितात. सुरकुती म्हणजे आधीच घातलेली घडी. भार आल्यावर नळी तेथूनच मिटू लागते. म्हणूनच बाक गुळगुळीत व सलग असावा, त्यावर चेपल्याची खूण नसावी, अशी नियमांची अट आहे.

बाक कसा उतरेल, हे बव्हंशी यंत्रावर अवलंबून असते. पाण्याचे पाइप वाकविण्याच्या हायड्रॉलिक दाबयंत्रात पाइप दोन टेकूंवर ठेवून मधोमध एका खोबणीदार ठोकळ्याने रेटतात. बाजूंना आधार नसल्याने पातळ नळी त्यात सहज चपटी होते. दुसऱ्या प्रकारच्या यंत्रात नळीचे टोक एका गोल साच्याला घट्ट पकडलेले असते. साचा फिरतो तशी नळी त्याच्याभोवती ओढली जाते आणि समोरचा खोबणीदार ठोकळा तिला बाहेरून आधार देतो. नळी दोन्हीकडून वेढलेली असल्याने तिला पसरण्यास वाव राहत नाही. व्यास जाडीच्या दहा-अकरा पट असलेल्या या नळीला, त्रिज्या वर सांगितल्याइतकी असेल तर, आतून आधाराचा दांडा घालण्याची सहसा गरज पडत नाही.

साच्याचे माप मात्र तंतोतंत जुळले पाहिजे. येथे नावांचा एक घोटाळा आहे. नळीचे माप तिच्या खऱ्या बाह्य व्यासावरून सांगतात. पाण्याच्या पाइपाचे माप नाममात्र असते. एक इंची पाइपाचा खरा बाह्य व्यास ३३ ते ३४ मिलिमीटर भरतो, पाऊण इंची पाइपाचा सुमारे २६.९. पाऊण इंची पाइपाचा साचा एक इंची नळीला दिसावयास पुरेसा वाटतो. पण त्या दीड मिलिमीटरच्या मोकळ्या जागेत नळी पसरते आणि चपटी होते.

साचा योग्य असला, तरी स्थितिस्थापकतेचा हिशेब उरतोच. यंत्राची पकड सुटताच नळी काही अंश उलगडते. पोलाद जितके कणखर आणि त्रिज्या जितकी मोठी, तितके हे उलगडणे अधिक. त्यामुळे त्याच नळीच्या तुकड्यावर आधी चाचणी घेऊन किती अंश जास्त वाकवावयाचे ते ठरवितात. लांबीचेही तसेच. काटकोनातील दोन सरळ रेषा कोपऱ्यापर्यंत मोजल्या, तर बाकाच्या जागी १५२.४ मिलिमीटर लांबी येते. प्रत्यक्षात नळी कोपरा टाळून कंसातून जाते आणि तिला सुमारे १२० मिलिमीटरच लागतात. चार बाक असलेल्या कमानीत ही वजावट विसरली, तर पाय जुळत नाहीत.

सर्व बाक एकाच प्रतलात येणे हीही तितकीच अवघड बाब. दोन बाकांच्या मध्ये नळी स्वतःभोवती अवघे दोन अंश फिरली, तर काटकोनी बाकापुढील ७०० मिलिमीटर लांबीच्या पायाचे टोक सुमारे २४ मिलिमीटर बाहेर जाते. यासाठी नळीवर लांबीच्या दिशेने सरळ रेघ आखून घेतात, प्रत्येक बाकाच्या वेळी ती तपासतात, आणि तयार कमान पूर्णाकृती आराखड्यावर, सपाट पृष्ठभागावर ठेवून ती डुगडुगते का ते पाहतात.

चुकलेला बाक उलट वाकवून सुधारण्याचा मोह होतो. तो आवरावा लागतो. एकदा ताणलेले पोलाद कठीण झालेले असते आणि आणखी ताणले जाण्याची त्याची क्षमता काही अंशी खर्च झालेली असते. अशी नळी बाजूला ठेवून नवी घेणे, हाच खरा उपाय. पुढे स्पर्धेतील परीक्षक कमानीला पाडलेल्या ४.५ मिलिमीटरच्या छिद्रातून नळीची जाडी मोजतात आणि बाक डोळ्यांनी तपासतात. रंगाखाली झाकलेली सुरकुती कदाचित त्यांच्या नजरेतून सुटेल. मोटार उलटल्यावर भार मात्र नेमका तिच्यावर येतो. म्हणून नळी ठेवावयाची की टाकून द्यावयाची, याचा पहिला निर्णय ती वाकविणाऱ्यानेच, यंत्राशेजारी उभे असताना, घ्यावयाचा असतो.