वळणावरचं डिझेल

ट्रकच्या टाकीचं झाकण हरवलं की तोंडात फडका कोंबायचा, वरून ट्यूबचा तुकडा तारेनं आवळायचा आणि गाडी काढायची, हे दृश्य महामार्गावर नवं नाही. गाडी सरळ चालते तोवर त्या फडक्यातून फारसं काही येत नाही. घाट लागतो, गाडी वळते आणि टाकीतलं डिझेल वळणाच्या बाहेरच्या बाजूला उसळतं. फडका चिंब होतो, टाकीच्या अंगावरून ओघळ उतरतो आणि मागं रस्त्यावर एक चकचकीत पट्टा उमटत जातो. डिझेल सांडतं ते नेमकं वळणावर, आणि दुचाकीला पकडीची सगळ्यात जास्त गरज असते तीही तिथंच. खंबाटकी, दिवे, कसारा अशा घाटांतून, शहरातल्या चौकांतून आणि उड्डाणपुलांच्या उतारांवरून गाड्या घसरल्याच्या दोन-चार ओळींच्या बातम्या येतात. ‘तोल गेल्याने’ असं त्यात म्हटलेलं असतं. तोल का गेला, हे कुणी लिहीत नाही.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. सगळे काही डिझेलमुळे गेले नाहीत. पण ज्या वाहनावर आपल्याकडची माणसं सगळ्यात जास्त मरतात, त्या वाहनाला रस्त्यावरचा तेलकट डाग काय करतो हे नीट समजून घेतलंच पाहिजे.

मोटारसायकलचा प्रत्येक टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढ्या जागेत. वळण घेण्याचं आणि थांबण्याचं सगळं बळ तेवढ्यातून यायचं असतं. ३० मीटर त्रिज्येचं वळण ताशी ४० किलोमीटर वेगानं घ्यायचं, तर गाडी साधारण २३ अंश कलवावी लागते आणि टायरला वजनाच्या सुमारे ०.४ पट आडवं बळ पुरवावं लागतं. कोरड्या, चांगल्या डांबरावर रबराचा घर्षणांक ०.७ ते ०.८ असतो, त्यामुळे पकड शिल्लक राहते. डिझेलच्या थरावर हाच आकडा ०.२ वर आला असं धरलं, तर त्या वळणावर ताशी २८ किलोमीटरच्या वर गाडी टिकूच शकत नाही. चालवणारा कितीही मुरलेला असला तरी. सरळ रस्त्यावर ताशी ४० वरून थांबायला कोरड्यात ९ मीटर पुरतात, इथं ३१ लागतील.

पकड एकच आणि वाटेकरी दोन, ही खरी अडचण आहे. वळताना पकडीचा मोठा हिस्सा आडव्या बळात खर्च होत असतो. अशा वेळी दचकून पुढचा ब्रेक दाबला, तर उरलेला हिस्सा ब्रेक मागतो आणि पुढचं चाक सुटतं. मोटार घसरली तरी चार चाकांवर उभी राहते. दुचाकीचा तोल पुढच्या चाकाच्या बारीक हालचालींनी सतत सावरला जातो. त्या चाकालाच पकड नसेल तर सावरायला साधनच उरत नाही आणि सेकंदभरात माणूस खाली येतो. मागून येणारं वाहन जवळ असेल, तर पुढचं लिहायला नको.

मग पेट्रोलची एवढी भीती का वाटत नाही? पेट्रोल साधारण ३० ते २०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उकळतं, डिझेल १८० ते ३६० अंशांच्या दरम्यान. सांडलेल्या पेट्रोलचा डाग काही मिनिटांत उडून जातो. डिझेल मात्र भर उन्हातही रेंगाळतं. शिवाय ते दाट असतं: ४० अंश तापमानाला त्याची श्यानता त्याच तापमानाच्या पाण्याच्या तीन ते सात पट भरते. चाकाखालून पाणी चटकन बाजूला सरतं, आणि ते रबराला फारसं चिकटतही नाही. रबर आणि डिझेल दोन्ही मुळात हायड्रोकार्बन, त्यामुळे डिझेल रबरावर पसरतं, चिकटतं, थोडं मुरतंही. डाग ओलांडल्यावरही पुढं काही अंतर टायर निसरडा राहतो तो यामुळेच.

के. ए. ग्रॉश यांनी १९६३ मध्ये रबराच्या घर्षणावर एक मूलभूत निबंध प्रसिद्ध केला. रबराची पकड दोन वाटांनी येते, हे त्यातून स्पष्ट झालं. एक, रबराचे रेणू समोरच्या पृष्ठभागाला क्षणभर धरतात आणि सोडतात. दोन, खडीच्या उंचसखल टोकांवर रबर दबतं, पुन्हा फुलतं आणि त्यात ऊर्जा खर्ची पडते. पहिल्या वाटेसाठी रबर आणि दगड यांचा थेट स्पर्श लागतो, आणि काही मायक्रॉनचा तेलकट थर तोच तोडतो. दुसरी वाट उरते, पण खडीला धार असेल तरच. जिथं हजारो चाकं रोज ब्रेक मारतात आणि वळतात, तिथली खडी घासून गुळगुळीत झालेली असते. घाटातली वळणं, सिग्नलच्या अलीकडची जागा, गोल चौक: डिझेल सांडतं ते बहुतेक इथंच.

पाऊस आला की आणखी वेगळा प्रकार होतो. डिझेल पाण्याहून हलकं, त्यामुळे ते तरंगतं आणि पातळ होत दूरवर पसरतं. एक लिटर डिझेल एक मायक्रॉन जाडीचं झालं, तर हिशेबानं एक हजार चौरस मीटर पृष्ठभाग झाकतं, म्हणजे साडेतीन मीटर रुंद मार्गिकेची जवळजवळ २८५ मीटर लांबी. ओल्या रस्त्यावर दिसणारे सप्तरंग हे अशाच थराचे. एका परीनं ते उपकारच, कारण कोरड्या काळ्या डांबरावर फिकट पिवळं डिझेल ओलसर डागापलीकडं काही दाखवत नाही. अमेरिकेतल्या अपघातांच्या नोंदी तपासून डॅनियल आयझेनबर्ग यांनी २००४ मध्ये दाखवलं की, आधीचा पाऊस होऊन जितके जास्त दिवस लोटले असतील तितका पुढचा पाऊस अधिक घातक ठरतो. मधल्या दिवसांत साचलेलं तेल आणि धूळ हे त्याचं एक कारण मानलं जातं. आठ महिने कोरड्या राहणाऱ्या आपल्या रस्त्यांवर जूनच्या पहिल्या सरीत काय होत असेल, ते यावरून ताडता येतं.

डिझेल सांडल्यावर अग्निशमन दलाचे जवान येतात किंवा शेजारचा टपरीवाला घमेलंभर माती आणून टाकतो. त्या माणसांचे आभार मानावेत तेवढे थोडे. पण माती टाकून काम संपत नाही. ती डिझेल शोषते आणि मग झाडून उचलावी लागते, नाहीतर तेलकट चिखल किंवा सुटी वाळू, दोन्ही दुचाकीला घातक. लाकडाचा भुसा जास्त चांगला, कारण त्याची छिद्रं डिझेल आत ओढून घेतात. नुसतं पाणी मारणं सगळ्यात वाईट: डाग उताराला लागतो आणि दुसऱ्याच कुणाच्या चाकाखाली जातो. साबणाचं द्रावण लावून घासलं तरच तेल सुटतं.

डांबर हेही खनिज तेलातूनच येतं, म्हणून डिझेल त्याला विरघळवतं. डाग बराच काळ राहिला तर डांबर मऊ पडतं, खडी सुटते आणि तिथंच खड्डा तयार होतो. पेट्रोल पंपाच्या आवारात काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक घालण्यामागं हे एक कारण आहे.

चालवणाऱ्यानं करण्यासारखं थोडंच आहे. वळणात बाहेरच्या अंगाला ओला पट्टा दिसला किंवा डिझेलचा वास आला, तर वेग डागाच्या आधी कमी करावा. डागावर असताना गाडी शक्य तितकी उभी ठेवावी, ब्रेक आणि एक्सलरेटरला झटका देऊ नये. एबीएसमुळे चाक अडकत नाही, हे खरं. पण एबीएस नवी पकड निर्माण करत नाही, आणि वळणात पुढचं चाक आडवं निसटू लागलं तर साधं एबीएस हतबल असतं.

म्हणून जबाबदारी टाकीच्या तोंडाशी टाकली पाहिजे. जमिनीखालच्या साठ्यातलं गार डिझेल ३०० लिटरच्या टाकीत काठोकाठ भरलं आणि ऊन व इंजिनातून परत येणारं गरम इंधन यांमुळे ते २० अंशांनी तापलं, तर आकारमान सुमारे पाच लिटरनं वाढतं. ते बाहेरच येणार. पंपावरचा नोझल आपोआप बंद झाल्यावर, रुपये गोल करायला आणखी थोडं भरलं जातं. तिथं थांबायला हवं. झाकण आणि त्यातलं रबरी वॉशर यांची किंमत त्या ट्रकच्या एका खेपेच्या डिझेलपुढं काहीच नाही. पासिंगला आलेल्या गाडीचं झाकण फिरवून बघायला मिनिटभर लागतं. फडका कोंबलेल्या गाडीला तिथूनच परत पाठवलं, तर मालक दुसऱ्या दिवशी नवं झाकण बसवून आणेल.